तेरावी मात्रा

रेहानाच्या माहेरची हळद परवा आली. दर वर्षी फाल्गुनात येते. दोन किलोची पिशवी, तोंडाला सुतळी, आणि सुतळीची गाठ अशी की माझ्या बायकोला, सुनंदाला, ती कात्रीशिवाय कधी सुटलेली नाही. पिशवी उघडली की ती दोन शिंका देते आणि म्हणते, "आला तुमचा हंगाम." मग मी उगाच खिडकीशी जाऊन उभा राहतो. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, उन्हानं करपलेला, पण नाकात मिरज असते. तिथल्या वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी हळदीचं एक गोदाम होतं आणि मार्च-एप्रिलात अख्खी गल्ली पिवळ्या धुळीनं खाकरायची. तो वास आला की माझ्या उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप चालू लागतात. सोळा मात्रा, पुन्हा त्याच सोळा, आणि पुन्हा त्याच.

या वेळी हळदीबरोबर रेहानाचा फोनही आला. काय म्हणाली ते सांगतो, पण आधी तो हंगाम सांगायला हवा.

निवृत्त होऊन साताऱ्याला येण्याआधी मी मिरजेच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. गणिताचा मास्तर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो, तो मी कधीच नव्हतो. मला नाही म्हणता येत नाही. वार्षिक परीक्षेत शेवटची घंटा झाली की शेजारच्या वर्गांतून उत्तरपत्रिका ओढून घेतल्याचे आवाज यायचे. माझ्या वर्गात मी सगळ्यात मागच्या बाकापासून सुरुवात करायचो, चष्मा पुसायचो, एखादी पुरवणी नीट बांधून द्यायचो. तेवढ्यात कुणाचं तरी एक उदाहरण सुटायचं. पोरं मला देवमाणूस म्हणायची आणि खरं सांगतो, मलाही ते पटत चाललं होतं. सुनंदाचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, "तुमचा चांगुलपणा म्हणजे निम्मा आळस आहे. वाईट व्हायचा कंटाळा."

शाळेचा तबला फुटला म्हणून एकदा त्या गल्लीत गेलो आणि हुसेनचाचांची ओळख झाली. चाचा तबल्याच्या पुड्या करत. पुडी म्हणजे तबल्याचं कातडं, आणि तिच्या मधोमध जो काळा गोल असतो ती शाई. ती शाई एकदम फासत नाहीत. बोटाच्या टोकानं पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडानं घोटायचा, वाळू द्यायचा, की पुढचा थर. असे किती थर ते कारागिराचा कान ठरवतो. चाचा तबला बनवत आणि वाजवतही. त्यांच्या तोंडी दोन्ही कामांना एकच शब्द होता, घोटणं. मी लहानपणी कवठे महांकाळला भजनी मंडळात पेटी शिकलेलो. गप्पांत ते निघालं. चाचांनी कोपऱ्यातली जुनी पेटी पुढं सरकवली, म्हणाले, "बघू सर, काय येतंय." मी काहीतरी वाजवलं. ते हसले आणि म्हणाले, "हात गोड हाय. पर लय बोलतोय."

पुढं वर्षभरानं त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. जीव वाचला, बोलणं परत आलं, पाय ओढत का होईना चालू लागले, पण डावा हात मांडीवर पडून असायचा. शाईचं काम त्यांच्या सुनेनं, रेहानानं, हातात घेतलं. मी भेटायला गेलो तेव्हा ती खाली बसून घोटत होती आणि चाचा पलंगावरून नुसत्या आवाजावर तिच्या चुका काढत होते. "कड सुटली, बेटा. परत." ती न चिडता परत घोटायची.

त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "सर, लेहरा धराल का माझ्यासाठी?"

लेहरा म्हणजे काय, ते तबला जवळून ऐकला नसेल तर माहीत असायचं कारण नाही. एकट्याचा तबला चालू असतो तेव्हा शेजारी एकजण पेटीवर सोळा मात्रांची एक छोटी ओळ वाजवत बसलेला असतो. तीच ओळ, अर्धा तास, तास, जितका वेळ तबला चालेल तितका वेळ. तबलजी त्या ओळीच्या आत वाटेल तिथं भटकतो आणि पहिल्या मात्रेला, समेला, घरी येतो. टाळ्या तबलजीला. लेहरेवाल्याचं नाव पत्रिकेतही बहुतेक छापत नाहीत.

चाचांना त्यांच्या उस्तादांच्या बरसीला, म्हणजे पुण्यतिथीला, हजेरी लावायची होती. एप्रिल सरता सरता ती बरसी असे. त्या दिवशी उस्तादांचा प्रत्येक शागीर्द, म्हातारा असो की कोवळा, थोडं का होईना वाजवतो. त्याला हजेरी म्हणतात. आदल्या वर्षी चाचांची हजेरी चुकली होती. या वर्षी त्यांनी निरोप धाडला होता, मी वाजवणार. डावा हात उचलत नव्हता आणि निरोप जाऊन पोचला होता.

"मोबाईलवर मिळतो की लेहरा, अब्बा," रेहाना म्हणाली. "पाहिजे तेवढ्या लयीत लागतो."

"मशीनसंगं च्या पिता येत न्हाई," चाचा म्हणाले.

मी अर्थातच हो म्हणालो.

मार्चात शाळा सकाळची झाली होती. दुपारी चारला मी सायकल घेऊन गल्लीत पोचायचो. हळदीचे हमाल सावलीला टेकलेले असायचे, त्यांच्या भुवयाही पिवळ्या. खोलीत पत्र्याचा उकाडा. चाचांनी कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली बांधणी, निवडला होता तो तबल्याच्या पहिल्या वर्गातला, जो सात वर्षांची पोरं घोकतात. धा धा ति ट धा धा तू ना, ता ता ति ट धा धा धी ना. साठ वर्षं वाजवलेला माणूस पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसला होता आणि त्याची त्यांना काही लाज नव्हती.

लाज मला वाटायची, कारण दहाव्या मिनिटाला मला कंटाळा यायचा. इतका कंटाळा मला नववीच्या भूमितीच्या वह्या तपासतानाही आला नव्हता. तीच ओळ. सा पासून निघायचं, वर जायचं, वळायचं, खाली यायचं, सा. पहिल्या आठवड्यात मी आवर्तनं मोजली. दुसऱ्या आठवड्यात सतराचा पाढा त्या लयीत बसतो का पाहिलं. (बसत नाही.) पत्र्यावर पारवे चालायचे, त्यांची पावलं मोजली. एकदा तर उघड्या डोळ्यांनी झोपलो आणि जागा झालो तेव्हा बोटं ओळीच्या भलत्याच ठिकाणी होती. चाचा थांबले आणि शांतपणे म्हणाले, "सर, घरी या."

मग मी ओळ सजवायला घेतली. इथं एक मुरकी, तिथं एक छोटी तान. भजनी मंडळाची खोड. दोन आवर्तनं चाचांनी ऐकून घेतली. तिसऱ्याला उजवा हात उचलून धरला. "चौकट हालाय लागली की दार लागत न्हाई, सर." मी मुकाट्यानं साध्या ओळीवर आलो.

करायला काहीच उरलं नाही तेव्हा मी चाचांच्या हाताकडे बघायला लागलो. आणि माझा कंटाळा पळाला.

त्या कायद्यात डावा हात सुरुवातीला बोलतो आणि मध्येच गप्प होतो. सातव्या मात्रेपासून बाराव्यापर्यंत डग्गा वाजतच नाही, सगळं उजव्या हातावर. तेराव्या मात्रेला डाव्यानं परत यायचं असतं, धा म्हणून. चांगल्या हाताला त्यात काही नाही. चाचांचा हात त्या सहा मात्रांत झोपी जायचा. तेरावी जवळ आली की खांद्यापासून हालचाल सुरू व्हायची, कोपर उचलायचं, मनगट लोंबायचं, आणि पंजा डग्ग्यावर पडायचा तेव्हा मात्रा निघून गेलेली असायची. पुढचं सगळं एकमेकांवर आदळायचं आणि सम हुकायची. दर आवर्तनाला हे नाटक. मी श्वास धरून बघायचो. सर्कशीतला झोका सुटला की बघतात तसं. आज पोचतो का? नाही. आज? थोडक्यात राहिलं.

आणि एके दिवशी पोचलं, कारण मी थांबलो.

ठरवून नव्हे. तेराव्या मात्रेच्या सुरावर माझं बोट एक केसभर जास्त राहिलं, एवढंच. पंजा पडला, धा वाजला, बारीकसा, पण डग्ग्याचा. सम आली. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. रेहानाचा दगड थांबला.

"आला," चाचा म्हणाले. "हात आला, सर."

त्यानंतर मी रोज थांबलो. तेराव्या मात्रेला केसभर, कधी दोन केस. घरी जाताना सायकलवर गाणं म्हणायचो. कंटाळा कसा जातो हे मला सापडलं होतं. ओळ तीच असली तरी प्रत्येक वेळी समोर एक माणूस धडपडत येतो आहे, त्याच्यासाठी दार धरून उभं राहायचं. याहून चांगलं काम कुठलं? सुनंदाला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणजे तिथंही मागच्या बाकापासून." मला तिचा राग आला होता.

चाचा खुलले. बरसीच्या मंडळींना पुन्हा निरोप गेला. गल्लीतून जाणाऱ्याला ते हाका मारून सांगत, "कसं हाय, बरसीला येणार न्हवं? येतोय मी वाजवाय."

मग परीक्षा सुरू झाल्या. दोन दिवस मला जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर तबल्यावर कापड झाकलेलं. रेहाना शाई घोटत होती, तिनं मान वर केली नाही. पलंगावर तिचा मोबाईल पडला होता आणि काचेवर शाईच्या बोटाचा काळा ठसा होता.

मला बघून चाचा म्हणाले, "सर, तुमी थांबत हुता."

मी पेटीजवळ उभाच राहिलो.

"दोन दिस मशीन लावलं रेहानानं. एकदा म्हून सम लागली न्हाई. मी म्हटलं, मशीन बिघडलं. तिनं दुसरं लावलं. तेबी बिघडलं." ते जरा हसले, पण ते हसू मला अजून बोचतं. "मला वाटलं हात आला. हात न्हवता आला, सर. तुमी आला हुता."

"चाचा, मला वाटलं..."

"कानाला कळत हुतं माझ्या. साठ वर्सं हेच केलं. मन ऐकत न्हवतं." मग त्यांनी विचारलं, "साळंतबी असंच करता?"

त्या क्षणी मला माझ्या वर्गातून सुटलेली सगळी पोरं आठवली, जी पुढं कुठल्या तरी दुसऱ्या वर्गात, दुसऱ्या घंटेसमोर बसली असतील. दया करताना मला किती सुख वाटायचं तेही आठवलं. कंटाळ्यावर मी शोधलेलं औषध म्हाताऱ्याच्या हातातून काढलेलं होतं. मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही कुणास ठाऊक.

बरसीला पंधरा दिवस होते. वाटलं, आता ते नकोच म्हणतील. पण थोड्या वेळानं त्यांनी कापड काढलं. "बसा," म्हणाले. "पर तिकडं. भितीकडं त्वांड करून."

मग ते पंधरा दिवस मी भिंतीकडे तोंड करून लेहरा वाजवला. पाठीमागे चाचा. हात दिसत नव्हता. समोर निळा ऑइल पेंट, एक कॅलेंडर आणि खिळ्याला टांगलेल्या तबल्याच्या चामडी वाद्या. पहिले दोन दिवस हाल झाले. कान मागे जायचे, तेरावी मात्रा आली की बोट जड व्हायचं. मागून डग्गा चुकल्याचा आवाज यायचा आणि मी पुढचा सूर धरायचो. रेहानाचा दगड चालू असायचा. एकदा मी तिला विचारलं, "कंटाळा येत नाही गं?" ती म्हणाली, "येतो की, सर. थर मोजले की येतो. अब्बा म्हणत्यात, मोजू नको, हात फिरव आणि बोटाला काय लागतंय ते बघ."

मी मोजणं सोडलं. गणिताच्या माणसाला हे किती अवघड आहे ते गणिताच्या माणसालाच कळेल.

पाच-सहा दिवसांनी काहीतरी बदललं. ते नीट सांगता येईल असं वाटत नाही, पण प्रयत्न करतो. ती ओळ मला आत्तापर्यंत एकच वाटत होती, आणि ती एक नव्हती. तिसऱ्या मात्रेची पट्टी उकाड्यानं फुगलेली, तिला कणभर जास्त दाब लागायचा. सातव्यावर भात्यातली हवा संपत यायची, म्हणजे सहाव्यालाच डावा हात हलवायला हवा. म्हणजे डावा हात मलाही होताच, आणि तो वेळेवर यायला हवा होता. नवव्यावर ओळ वळायची आणि त्या वळणावर मला दर वेळी किंचित उदास वाटायचं, का ते माहीत नाही. कालची नववी आणि आजची नववी वेगळी असायची, कारण काल गोदामात ट्रक लागला होता आणि आज नव्हता, काल मी उपाशी होतो आणि आज नव्हतो. इतके दिवस मी त्या ओळीवरून नुसता चालत गेलो होतो, मुक्कामाला कधी पोचतो म्हणत. आता तिच्यात राहायला आलो होतो. आणि गंमत म्हणजे मी चाचांकडे बघायचं सोडलं तेव्हा चाचा मला जास्त ऐकू यायला लागले. त्यांचा श्वास, उजव्या हाताची घाई, डाव्याची वाट बघणं. सगळं ऐकू येत असूनही थांबायचं नव्हतं. मी थांबलो नाही. मी जागेवर असलो तरच त्यांना यायला जागा होती.

हात सुधारला का? थोडा. चार आवर्तनांत एकदा यायचा. तेही ठाय, म्हणजे अगदी संथ, लयीत.

बरसीला मांडवात पन्नास-साठ माणसं असतील. कारागीर, वाजवणारे, दोन-तीन जख्ख म्हातारे. खाली सतरंजी, हवेत हळद आणि अत्तर. चाचांना दोघांनी धरून आणून बसवलं. मी समोर बसलो, इथं भिंतीकडे तोंड करता येत नव्हतं. त्यांनी मान हलवली, मी सुरू केलं.

पहिलं आवर्तन. तेरावी मात्रा. डावा हात उचलला, कोपर आलं, पंजा लोंबला. माझं बोट त्या सुरावर होतं. मांडवातला एकूण एक माणूस जाणकार, आणि त्यांच्यासमोर हा माणूस आता चुकणार हे मला त्याच्या आधी दिसत होतं. एक केसभर. फक्त एक केसभर थांबलो असतो तर. कुणाला कळलंही नसतं.

मी पुढं गेलो.

पंजा उशिरा पडला. सम गेली. मांडवात कुणी हललं नाही. दुसऱ्यांदाही गेली. तिसऱ्यांदाही. एका म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. मला रडू येत होतं आणि बोटं चालली होती. चौथ्या आवर्तनाला चाचांनी कोपर बाराव्याच्याही आधी उचललं, आणि धा आला. खोल नव्हता, घुमला नाही, पण तेराव्या मात्रेवर आला. मागोमाग समही. पन्नास माणसांच्या तोंडून एकदम "अहाहा" निघालं आणि त्या म्हाताऱ्यानं डोळे उघडले. चाचांनी आणखी दहा-बारा आवर्तनं वाजवली. निम्मी चुकली, निम्मी लागली. मग हात जोडले.

रिक्षात बसवताना त्यांनी माझं मनगट उजव्या हातानं घट्ट धरलं. "चुकलं तेबी माझं हुतं, सर," म्हणाले. "लागलं तेबी माझं."

त्याच्या पुढच्या वार्षिक परीक्षेत मी घंटेबरोबर पहिल्या बाकापासून उत्तरपत्रिका गोळा केल्या. पोरांनी तक्रार केली. मी चांगला मास्तर झालो असं म्हणणार नाही, पण उरलेली वर्षं तसंच करत गेलो. सुनंदा त्यावर काहीच बोलली नाही, आणि तिच्या बाबतीत ती शाबासकीच म्हणायची.

चाचा गेले त्याला आता दहा महिने झाले. तोवर दर वर्षी बरसीला मी साताऱ्याहून एसटीनं जात होतो. रेहानाचा फोन त्याचसाठी होता. या वर्षी बरसीला त्यांचीही आठवण काढायची असं ठरलं आहे. "मंडळी म्हणत्यात, अब्बांच्या पाळीला तबला कुणी वाजवायचा न्हाई," ती म्हणाली. "तबला मांडून ठेवायचा, मीच शाई भरलीया. तुमी नुसता लेहरा धरायचा, सर. सोळा आवर्तनं. जमंल न्हवं?"

नाही म्हणता येत नाही, हा स्वभाव काही गेलेला नाही.

काल दुपारी चारला पेटी काढली. सुनंदा आतून म्हणाली, "वाजवा, मी झोपलेली नाही." समोर रिकामी फरशी होती. तिसऱ्या मात्रेला इथली पट्टी फुगलेली नाही, सातव्याला भाता बरोबर येतो, नवव्याला मन थोडं उदास होतं, तेही ठरल्याप्रमाणे. दहा, अकरा, बारा. समोर कुणी नव्हतं, कोपर उचलायला, पंजा आणायला. आणि तेराव्या मात्रेला माझं बोट थांबलं. केसभर नव्हे, चांगलं थांबलं. सूर तसाच वाजत राहिला, भात्यातली हवा संपेपर्यंत.

स्वयंपाकघरात हळदीची पिशवी उघडीच होती. मी उठलो, पेटी उचलली, भिंतीकडे तोंड करून बसलो आणि पुन्हा पहिल्या मात्रेपासून सुरू केलं.